रात्रपाळीची परिचारिका आणि तिचे घर

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या सांगली येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'परिचारिकांचे समाजकार्य' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी आपल्या चिटणीसांची आज्ञा झाली. मी वैद्यकशास्त्रातला अधिकारी पुरुष नव्हे. जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला, आणि सातारा जिल्ह्यात पाटण व खटाव तालुक्यांतील शाळांतून उभा जन्म मुलांकडून पाढे घोकून घेतलेला मी एक साधा प्राथमिक शिक्षक. सेवानिवृत्तीनंतर मुलाजवळ सांगलीस येऊन राहिलो. माझी सून परिचारिका आहे, आणि तिच्या रात्रपाळ्या मी एकाच छपराखाली राहून पाहत आलो आहे. एवढाच काय तो माझा अधिकार. म्हणून विषयाचे नाव चिटणीसांचे असले, तरी मी बोलणार आहे ते सलग रात्रपाळ्या करणाऱ्या बाईच्या झोपेविषयी. हे ऐकून कोणास हसू येईल. त्यास मी दोष देत नाही, कारण एके काळी मीही हसत असे.

गतवर्षी याच व्यासपीठावर मंडळाने समाजातील परिचारिका भगिनींचा सत्कार केला. वेळ सकाळी अकराची होती. माझी सून पाचवी रात्र संपवून, घरी जाऊन लुगडे बदलून थेट येथे आली आणि मागच्या रांगेतील खुर्चीवर बसल्या बसल्या तिची मान खाली गेली. नारळ आणि शाल घेण्यासाठी तिचे नाव दोनदा पुकारावे लागले. सभागृहात हशा पिकला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कानाशी लागून विनोदाने विचारले, "काय गुरुजी, सूनबाईंना घरी झोपू देत नाही वाटते?" त्या गृहस्थांच्या मनात काही वाकडे नव्हते. परंतु तो प्रश्न वर्षभर माझ्या मनात राहिला. त्याचे खरे उत्तर देणे मला भाग आहे.

खरे उत्तर असे की, होय, पुष्कळ दिवस मीच तिला झोपू देत नव्हतो.

तिची रात्रपाळी आठ ते आठ असते. सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला 'ओव्हर' देऊन, म्हणजे कोणत्या खाटेवरच्या रुग्णास काय दिले, काय द्यावयाचे राहिले हे समजावून सांगून मिरजेहून निघेपर्यंत साडेआठ होतात. घरी येऊन स्नान, चार घास, मुलाचे दप्तर. अंथरुणाला पाठ लागते ती दहाच्या सुमारास. आता निवृत्तीनंतरचा माझा दिनक्रम ऐका. दुपारच्या शाळेत जाणारी दहा-बारा गरीब मुले मी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा घरीच विनामूल्य शिकवीत असे. ओसरीवर बसून मुले एका सुरात पाढे म्हणत. एकोणतीसचा पाढा तर मी मुद्दाम दोनदा म्हणवून घेई. ओसरी आणि सूनबाईंची खोली यांच्यामध्ये एक विटेची भिंत आहे. मी याला समाजसेवा समजत होतो, आणि ती होतीही. फक्त तिची किंमत दुसरे कोणी देत होते हे मला दिसत नव्हते. मुले गेली की आमच्या सौभाग्यवतींचा कुकर शिट्ट्या देई, मग भाजीवाला, मग गॅसचे सिलिंडर, मग कोणी लग्नाची पत्रिका घेऊन. पाहुणे आले म्हणजे सुनेने येऊन नमस्कार केला पाहिजे, ही आपली रीत. एक वाजता ती उठून बसलेलीच असे. आणि मी आल्यागेल्याला कौतुकाच्या आवाजात सांगे, "आमच्याकडे दिवसा झोपणारी सून आहे." तिने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असा हिशेब आम्ही पुरुष फार सहज मांडतो.

एका सकाळी, चौथी रात्र करून परतताना, सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेच्या अलीकडे तिची स्कूटर दुभाजकावर चढली. ठिकाणाचे नाव विश्रामबाग असावे हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पाठीमागून मोठे वाहन येत नव्हते, म्हणून मनगटाच्या हाडावर निभावले. डॉक्टरांनी हाताला प्लॅस्टर घालताना मला बाहेर न काढताच तिला विचारले, "चार दिवसांत किती झोपलात?" तिने उजव्या हाताची बोटे मोजली आणि म्हणाली, "तीन, तीन, तीन, आणि काल अडीच." मी गणिताचा शिक्षक. माणसाला दिवसाला सात तास धरले, तर चार दिवसांचे अठ्ठावीस. तिला मिळाले साडेअकरा. बाकी साडेसोळा. ती बाकी कोणाच्या नावावर मांडावयाची हे त्या खोलीत मला कोणी सांगितले नाही, पण मला कळले.

तेव्हापासून या विषयाचे जे सापडेल ते मी वाचीत आलो आहे. त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या मेंदूत, दोन डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, शरीराचे मुख्य घड्याळ आहे. झोप केव्हा यावी, अंगाची उष्णता केव्हा उतरावी, भूक केव्हा लागावी, हे ते ठरविते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवर प्रयोग करून केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला किल्ली देतो तो सूर्यप्रकाश. आपल्याला वाटते, चार रात्री जागले की शरीराला सवय होत असेल. बहुतेकांच्या बाबतीत तसे होत नाही. रात्रभर जागलेली बाई सकाळी उन्हातून घरी येते, तेच ऊन घड्याळाचा काटा पुन्हा दिवसावर आणून ठेवते. म्हणजे शरीर म्हणते दिवस आहे, आणि नोकरी म्हणते झोप. त्यामुळे दिवसाची झोप मुळातच आखूड आणि हलकी. तिच्यात आणखी आपले पाढे.

सलग रात्रींचा परिणाम साचत जातो. निरनिराळ्या ठिकाणच्या कामगारांच्या अपघातांच्या नोंदी एकत्र करून २००३ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. पहिल्या रात्रीच्या मानाने अपघाताचा धोका दुसऱ्या रात्री सुमारे ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के अधिक दिसला. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातडोळ्यांचे चापल्य, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके उतरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. सूनबाई दुपारी एकला उठत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला स्कूटर सुरू करीत असे. म्हणजे साडेएकोणीस तास. मद्याचा थेंब न शिवलेली माझी सून रोज तशा अवस्थेत रस्त्याला लागत होती, आणि मी दाराशी उभा राहून "आज उशीर झाला" असे म्हणत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रात्रपाळीच्या कामास २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले आणि २०१९ साली तोच निर्णय कायम ठेवला. येथे 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसांवरील पुरावा अद्याप मर्यादित आहे, तेव्हा हे ऐकून कोणी आपल्या मुलीची नोकरी सोडवू नये. मात्र डोळे मिटून घेऊ नयेत.

पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत कठीण. मी सूनबाईंना एकदा विचारले, "त्या वेळी झोप फार येते काय?" ती म्हणाली, "अण्णा, झोपेची भीती नाही वाटत. चुकीची भीती वाटते." चाळीस खाटांवर ती आणि एक मदतनीस. चार वाजता एखाद्याला इन्सुलिन द्यावयाचे असते. ते आकडे ती मोठ्याने वाचते, आणि शेजारच्या वॉर्डातील सिस्टरला बोलावून तिच्याकडूनही वाचवून घेते. दिलेले औषध त्याच क्षणी लिहिते. पाळी संपताना आठवून लिहावयाचे नाही, हा तिचा नेम आहे. तीननंतर ती खुर्चीवर बसत नाही, फेऱ्या मारते. चहाही तीननंतर घेत नाही, कारण चहातील उत्तेजक द्रव्य निम्मे उतरावयास पाचेक तास लागतात. चारचा चहा नऊ वाजता उशाशी येऊन बसतो. मला ही शिस्त ऐकून माझ्या शाळेतील शिस्तीची थोडी लाज वाटली.

परिचारिकांच्या संख्येविषयी भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी शेकडा ३० जादा. चाळीस खाटांचा हिशेब आपणच करावा. जपानमध्ये सोळा तासांच्या लांब रात्रपाळीत परिचारिकांना मध्येच थोडे निजण्यास वेळ देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे वीस मिनिटे डोळा लागला तर चौकशीची नोटीस येते. १९४८च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात कामास लावण्यास मनाई केली होती. स्त्रीच्या प्रकृतीची आणि अब्रूची काळजी, असे त्यामागचे कारण. परंतु रुग्णालयातील स्त्रीविषयी तसे म्हणण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही, कारण तिच्यावाचून रात्र सरत नाही हे सर्वांना ठाऊक होते. मग निदान तिच्या दिवसाची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न कायद्यात कोठे आला नाही.

आपल्या भागाला ही परंपरा नवी नाही. १८९४ साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले आणि १८९७पासून तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. सांगली-मिरजेच्या मध्ये आजही वानलेसवाडी आहे. त्याच १८९७च्या मार्च महिन्यात, सातारा जिल्ह्यातील नायगावची कन्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून वंदन करतो, आणि मी शिक्षक असल्यामुळे अधिकच करतो. पण त्यांचा अंत परिचारिकेचा अंत होता. अगदी अलीकडचे सांगावयाचे तर मार्च २०२० मध्ये त्या वेळच्या इस्लामपुरात प्रथम एकाच कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे कळले, आणि थोड्याच दिवसांत रुग्ण पंचविसाच्या घरात गेले. त्यांची शुश्रूषा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात झाली. त्या दिवसांत आपण सायंकाळी दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या. पण पाळी करून घरी आलेल्या सिस्टरला जिना चढू देऊ नये असे म्हणणारी माणसेही आपल्यातच निघाली, हे विसरून चालणार नाही.

शाळेत मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा कैक वर्षे शिकविला. १८५४ साली त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरल्या, हे मुलांकडून पाठ करून घेतले. ती बाई दिवसा कोठे आणि किती निजत होती, असे मला एकाही मुलाने विचारले नाही. आणि मलाही कधी सुचले नाही.

असो. आमच्या घरात पुढे काय झाले ते सांगतो, कारण हे पुस्तकात मिळणार नाही. शिकवणी मी संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात हलविली. पुजारीबुवांनी आढेवेढे घेतले, पण पाढ्यांनी देव उठत नाही असे मी त्यांस सांगितले. सूनबाईंच्या खिडकीला पडदा होता, तरी उजेड आत येई. खटावला असताना माणदेशातली एक काळी घोंगडी घेतली होती, ती ट्रंकेत पडून होती. ती मी खिडकीवर चार खिळे मारून लावली. भर दुपारी त्या खोलीत आता हात दिसत नाही. दाराच्या घंटीची तार काढली आणि पाटी लावली, 'कृपया कडी वाजवू नये, ओसरीवर गुरुजी आहेत.' सूनबाईंचा फोन दहा ते चार माझ्या ताब्यात असतो. रुग्णालयाचा आला तरच उठवावयाचे. कुकर सौभाग्यवती ती येण्यापूर्वीच लावतात. यावरून आमच्या दोघांत प्रथम थोडी कुरबुर झाली हे कबूल करतो. "आमच्या वेळी आम्ही नाही का पहाटे उठून दळण दळले?" असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "दळलेत खरे, पण रात्री निजला होतात." त्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवसापासून कुकर लवकर लागू लागला. चौथ्या रात्रीनंतर तिला आणावयास मुलगा स्वतः जातो, आणि त्याला जमले नाही तर ती बसने येते. एकदा ती बसमध्ये झोपली आणि थांबा सोडून पुढे सांगलीच्या स्थानकापर्यंत गेली, तेवढे चालेल.

आता ती साडेपाच-सहा तास झोपते. सात नाहीत. उरलेली तूट भरून काढण्याची युक्ती मला सापडलेली नाही, आणि ती रुग्णालयाने पाळ्या लावताना विचार केल्यावाचून सापडणार नाही असे वाटते.

आता जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक समितीत मी दोन वर्षे काम करीत आहे. वरपक्षाकडून येणाऱ्या अर्जांत 'नोकरी चालेल, रात्रपाळी चालणार नाही' असे वाक्य मी अनेकदा वाचले. कराडकडील एक मुलगी, शिक्षणाने परिचारिका, स्वभावाने सोन्यासारखी. तिला तीन ठिकाणांहून नकार आला. एका गृहस्थांनी मला म्हटले, "गुरुजी, मुलगी चांगली आहे हो, पण रात्रभर बाहेर म्हणजे..." आणि वाक्य अर्धवट सोडले. शाळेत असतो तर मी त्यांना ते वाक्य पुरे करावयास लावले असते. याच गृहस्थांच्या मातोश्री खुब्याचे हाड मोडून सहा दिवस रुग्णालयात होत्या, तेव्हा रात्री दोन वाजता "सिस्टर, सिस्टर" म्हणून व्हरांड्यात धावताना मी त्यांना पाहिले आहे. ती सिस्टरही कोणाची तरी मुलगीच होती, आणि रात्रभर बाहेरच होती.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीवर होत्या. अतिरेकी आवारात शिरले तेव्हा त्यांच्या कक्षात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद केली, त्या वीस जणींना सुरक्षित जागी नेले, आणि त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहापर्यंत पोहोचविले. पुढे न्यायालयात उभे राहून त्यांनी कसाबला ओळखले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी त्या रात्रीची हकिकत सांगितली. रात्रपाळीची बाई रात्री कोठे असते, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी हे जाणावे.

समितीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे की, आपल्या छापील अर्जात रात्रपाळीविषयी जो रकाना आहे तो काढून टाकावा, आणि त्या जागी वरपक्षाकरिता एकच प्रश्न छापावा: 'मुलगी रात्रपाळी करीत असल्यास तिला दिवसा निजण्यासाठी घरात स्वतंत्र खोली आहे काय?' समितीतील दोघांना ही थट्टा वाटली. मी थट्टा केलेली नाही. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ही सूचना चर्चेस यावी, अशी अध्यक्षमहाशयांना माझी विनंती आहे. त्याचप्रमाणे, परिचारिका भगिनींचा सत्कार पुन्हा करावयाचा झाल्यास तो त्यांच्या पाळ्या विचारून, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी करावा.

माझी सून आज येथे आलेली नाही. काल तिची तिसरी रात्र होती, आज चौथी आहे. या वेळी ती घोंगडीच्या अंधारात निजलेली असेल. माझा नातू दीड वाजता चित्रकलेच्या वर्गाहून परत येतो, आणि घंटीची तार काढली असली तरी त्याचा स्वतःचा आवाज मोठा आहे. तो येण्यापूर्वी मला दाराशी उभे राहिले पाहिजे.